फुटके वाडगे

"ढकलू नका वहिनी, पात्याला आपणहून जाऊ द्या!" विनीत ओरडला, तोवर लाकूड कडाडलंच.

दीपालीने लाकूड कातायचा लेथ बंद केला. बाहेरच्या वाडग्याचा तळ निघाला होता आणि आतला मधोमध तडकला होता. पुन्हा आंब्याचंच लाकूड.

विनीतने कपाळावर हात मारला. मालगुंडच्या रस्त्याला त्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि हे कोरिंगचं टूल त्याने मोठ्या हौसेने मागवलं होतं. एरवी एका ठोकळ्यातून एकच वाडगा निघतो, पोटातल्या लाकडाचा नुसता भुसा होतो. या टूलचं पातं कोयत्यासारखं वाकडं. ते ठोकळ्यात गोलाकार शिरतं आणि एकाच्या पोटातून एक असे अख्खे वाडगे काढतं. पातं थोडं घालायचं, मागे घ्यायचं, भुसा झटकायचा, पुन्हा घालायचं. तळ जवळ आला की आवाज बदलतो. तिथे थांबायचं. न थांबणाऱ्याचं सगळंच जातं.

नवल म्हणजे दीपालीला हे येत होतं. शिकताना तिने अकेशियाच्या ठोकळ्यांतून एकात एक बसणारे वाडगे असे काढले होते की विनीत बघत राहिला. म्हणूनच हॉटेलवाल्याची आंब्याच्या वाडग्यांची ऑर्डर त्याने तिच्या हाती सोपवली. ती पार पडली की लेथ कायमचा तिचा. नाहीतर पुन्हा काजूचा कारखाना. तिथल्या चिकाने सोलवटलेली तिची बोटं इथे भुशात कुठे जरा माणसात आली होती. तिला परत तिकडे जायचं नव्हतं. मेलं तरी नव्हतं.

लाकूड तिच्याच दारातलं होतं. दारात दोन आंबे होते. एक सासरे वारले तेव्हा तुटला. त्या घरात सरणाचा खालचा थर दारच्या आंब्याचा लागतो, वर मग कुठलंही लाकूड चालतं. दुसरा आंबा सासूने, जनीने, नवी नवरी होऊन आली त्या वर्षी लावलेला. तो तिच्या लेकाने, म्हणजे दीपालीच्या नवऱ्याने, रितेशने, मुंबईत बसून फोनवरच विनीतला विकून टाकला. आईला विचारायचं त्याला सुचलंही नाही. ओंडके टेम्पोत चढत होते तेव्हा जनी खाटेवरून बघत होती. दम्याने तिने खाट धरली होती. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. सगळे शब्द तिने सुनेसाठी राखून ठेवले असावेत.

वर्कशॉपचा एक नियम होता, विनीतच्या वडिलांपासूनचा. जो फोडेल त्याने फुटकं घरी न्यायचं आणि आपल्या चुलीत घालायचं. आपलं नुकसान आपल्या डोळ्यांसमोर जळलं की हात सुधारतो, असं म्हातारबुवांचं म्हणणं. दीपाली पिशवी भरून घरी जाई आणि दारातच तोफ सुटे.

"आज पन फोडलंस? हात हायत काय खराटे गो? माज्या आंब्याची माती केलीस, मेले!"

शेजारची चिमा पायरीवर बसून हे सगळं मन लावून ऐके आणि वाडीभर पोचवून येई. मग रितेशचा फोन. "तुला भाकऱ्या थापण्यापलीकडे काय येतं?" दीपाली ऐकून घेई. मग भाकऱ्या थापायला बसे.

"अकेशिया जमतो, मग आंब्यालाच काय होतं?" विनीतने एकदा विचारलं.

"मऊ हाय ना भावजी. पातं पळतं." ती खाली बघत म्हणाली.

त्याला ते पटलं. माणूस चांगला होता. म्हणूनच तर त्याने एवढं सोसलं.

शेवटी एकच ठोकळा उरला. निदान त्यातून तरी एक सेट द्या, असं हॉटेलवाल्याने निक्षून सांगितलं होतं. विनीत तिच्या शेजारी उभा राहिला. पातं सुरेख चाललं. सालपटं लांबसडक निघत होती. आवाज बदलला.

"बास. थांबा," विनीत म्हणाला.

तिनेही तो आवाज ऐकला होता. तिचा हात क्षणभर थांबलाही. मग लाकूड कडाडलं.

विनीत रागावला नाही, तेच जास्त लागलं. "उद्यापासून नका येऊ, वहिनी."

तिने टूल पुसलं, त्याला तेलाचा हात लावला, जागेवर ठेवलं. फुटके तुकडे पिशवीत भरले. रस्त्याला लागल्यावर मात्र ती रडली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडली.

घरी चिमा पायरीवर हजर होतीच. जनीने आज घसा फुटेस्तोवर शिव्या दिल्या. "गेली ना नोकरी? आता जा काजू सोलायला, करंटे!" चिमा पोटभर ऐकून उठली.

दीपालीने दाराला कडी घातली.

"चिमा गेली?" जनीने हळूच विचारलं.

"गेली."

दीपालीने खाटेखालचं पोतं ओढलं. फुटक्या वाडग्यांचा एकही तुकडा चुलीत गेलेला नव्हता. तिने ते खाटेलगत जमिनीवर, उशापासून खाली एकाला एक लावून मांडले. आजचे सगळ्यांत शेवटी ठेवले.

"ह्ये शेवटलं?"

"शेवटचंच, आई. लाकूड संपलं."

जनीने तिचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उलटसुलट करून बघितलं. मग मान वाकडी करून खाली नजर टाकली. खालचा थर तिच्या पोटऱ्यांपाशीच संपला होता.

"पायांकडं कमी पडतंय गो."

दीपालीने शेवटचा तुकडा जरा खाली सरकवून बघितला.

"असू दे," जनी म्हणाली आणि तिने कण्हत गुडघे पोटाशी ओढून बघितले. "मी पाय जवळ घेईन."