टेंगूळ

"रक्त दिसून राहिलं का कुठं?" मनोहरराव आरशासमोर टोपी नीट बसवत बायकोवर खेकसले. "एक थेंब नाही. मंग काहून जीव खाऊन राहिली?"

सकाळीच ते न्हाणीत घसरले होते. डोकं नळावर आपटून मागे लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यावी लागे. डोक्याला मार लागला तर रक्त दिसो न दिसो, थेट दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"आतल्या आत वाहते म्हणे," जिजाबाई म्हणाली. "चला ना."

"पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले, अन् बाप रोगी म्हणून दाखवू? गोळीचं नाव काढू नको त्याइच्यासमोर."

पडलो तरी नाक वर, त्यातले हे गृहस्थ. जिजाबाईला त्यांची कीव आली नाही, तिरस्कार वाटला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण ती गुमान पोहे परतायला गेली.

मिनलला पाहायला रुपराव आले, बायको आणि मुलाला घेऊन, प्रताप नगरच्या गल्लीत मावणार नाही एवढ्या गाडीतून. मनोहररावांनी मौदा गावच्या नोकरीतला किस्सा काढला. साहेबाच्या खुर्चीत बकरी जाऊन बसली तो. रुपराव मांडी थोपटून हसले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसली.

मनोहरराव घोटभर पाणी प्यायले.

"एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "मौद्याले आमचा एक साहेब होता..."

तीच बकरी, तीच खुर्ची. फक्त आता शब्द जिभेत अडकत होते. मिनलने दचकून वर पाहिलं. पाहुण्यांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि सोयरीक जुळवायची होती म्हणून पुन्हा हसले. रुपरावांनी मांडीसुद्धा थोपटली.

जिजाबाईने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"हे सकाळी पडले. डोक्याले मार लागला. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्याइले."

मनोहरराव तिच्यावर डोळे वटारायला गेले, पण त्यांची नजर तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

रुपराव उठून उभे राहिले. "वहिनी, हे आधी सांगाले पाहिजे होतं तुमी."

"हो," जिजाबाई म्हणाली. "अन् तुमी दुसऱ्यांदा हसाले नाही पाहिजे होतं. गाडी काढा."