सासऱ्याची इस्त्री

महेंद्रच्या राहात्यातल्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेला प्रत्येक कॉम्प्युटर तापून बंद पडत होता. चिप थंड ठेवणारी पेस्टच भेसळीची, असं म्हणत तो पेटला. लग्नात आलेली इस्त्री फोडून त्यानं चिपसारखी तापणारी शेगडी बनवली, तिला थर्मामीटर लावला आणि पेस्ट विकणाऱ्या कटारियाशेठना नगरहून बोलावून घेतलं.

"बघा तुमचा माल! हे यंत्र खोटं बोलत न्हाई." त्यानं नेहमीसारखी लोण्यागत जाड पेस्ट थापून वर पंखा बसवला. पारा चढतच गेला.

शेठनी पंखा उचलला, रुमालानं जवळजवळ सगळी पेस्ट पुसली आणि पंखा परत ठेवला. पारा उतरू लागला.

महेंद्रनं वायर उपटली. "सासऱ्यानं इस्त्रीच भिकार दिली!"