लाल लंगोट

नातवाच्या भरदार पोटऱ्या पाहून म्हाताऱ्या नाना पहिलवानांची छाती फुगायची. "पोटऱ्या मन्ह्याच शेतस!" असं गावभर सांगत त्यांनी नागपंचमीला त्याला आखाड्यात उतरवायचं ठरवलं, लाल लंगोटही शिवून घेतला. पोरगं गुडघ्यांवर हात रोवून उठायचं, तो नानांना आळस वाटायचा. मग पोराची आई, म्हणजे नानांची लेक, दोघांना धुळ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, "स्नायूंचे धागे सांभाळणारं प्रथिन याच्या अंगात तयारच होत नाही. आईकडून आलेल्या जनुकात चूक आहे. पोटऱ्यांत बळ नाही, चरबी आहे." लेकीने मान खाली घातली. "तुन्हा काय दोष, माय?" म्हणत नानांनी पोराच्या पोटऱ्या आखडू नयेत म्हणून डॉक्टरांकडून रोजचा व्यायाम शिकून घेतला. नागपंचमीला आखाड्यात ढोल वाजू लागला. इकडे ओट्यावर नानांनी नातवाच्या पावलाला त्याच लंगोटाची पट्टी अडकवली आणि पोटरी ताणली जाईल असा चवडा हळूहळू गुडघ्याकडे ओढला. "नाना, मन्ही कुस्ती कव्हय?" "चालूच शे ना, बेटा."