नववा तुकडा

"पेन ड्राइव्ह कुठला घ्यायचा आणि फॉरमॅट कसा करायचा, हे या बेटावर फक्त मलाच कळतं," इसिकेली म्हणाला आणि त्याने चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह टीव्हीखालच्या पेटीत खुपसला. "दुकानातून आला तसा लावला असता तर आपल्या पेटीने हुंगलासुद्धा नसता. तिला फॅट थर्टीटू फॉरमॅटच लागतो. कॉम्प्युटर म्हणाला, एवढ्या मोठ्याला जमणार नाही. म्हटलं, बघतोच कसं जमत नाही ते! शिवाय चार जीबीच्या वरची फाइल हिच्या घशाखाली उतरत नाही. म्हणून मॅचचे बारा तुकडे केलेत. जागेची चिंता नको. अख्खं बेट मावेल यात!"

सभागृहातल्या चटयांवर अख्खा गाव बसला होता. वादळात टॉवर पडल्यापासून बेटावर फोन नव्हता. राजधानी सुवामध्ये रग्बीची फायनल होऊन नऊ दिवस झाले होते, आणि गावाने निकाल कानावर पडू दिला नव्हता. गावप्रमुख सकिउसाने घराघरातल्या रेडिओंचे सेल जप्त केले होते. सकाळी बोट आली तेव्हा खलाशांनी एका हाताने पोती उतरवली, दुसरा हात तोंडावर. मॅच प्रत्यक्ष बघून आलेला एकटा इसिकेली. त्याला धक्क्यावरच बायबलची शपथ घातली होती.

सगळ्यात पुढे उलामिला बसली होती. इसिकेलीची आत्या. तिचा जोसाया या फायनलमध्ये होता. पोराला तिने गावच्या मैदानाबाहेर खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. "एक मिनिटसुद्धा सोडायची नाहीये मला," तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पाद्रीबुवांनी प्रार्थना आटोपती घेतली. पहिला तुकडा झकास चालला. जोसाया केस चापूनचोपून बसवून धावत होता. आणि मग एकदम त्याच्या डोक्याला भलीमोठी पट्टी आली.

"अगं बाई! आत्ता तर धड होता!" उलामिला ओरडली.

"आणि आपले सतरा गुण? आत्ता तर शून्य होते!" सकिउसा म्हणाला.

मागून शाळेच्या बाईंचा आवाज आला, "अरे शहाण्या, एकानंतर दहावा तुकडा लागलाय!"

"मी नाही लावला, पेटीने लावला. तिला नुसता पहिला आकडा दिसतो."

"मग शून्य एक, शून्य दोन असं लिहायला काय बोटं झिजली असती?"

इसिकेलीने घाईघाईने रिमोटला हात घातला. सकिउसाने तो काढून घेतला. "तू आता कशाला हात लावू नकोस. जसं येतंय तसं बघू."

दहा, अकरा, बारा. आपल्या प्रांताने कप उचलला. सभागृह नाचलं, पाद्रीबुवा नाचले, यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, भांडं मध्ये आलं आणि करवंट्या फिरू लागल्या. आता मॅच कोण बघतंय? उलामिला मात्र जागची हलली नाही.

"माझ्या पोराला मारलं कोणी, ते बघायचंय मला."

"आत्या, जनरेटरचं डिझेल वाचवूया का?" इसिकेली म्हणाला. "जिंकलो ना आपण!"

"गप बस."

दोन, तीन, चार. समोरच्या संघातला प्रत्येक धिप्पाड माणूस तिने निरखून पाहिला. "हा टकल्याच असणार. बघ कसा बघतोय मेला!" आठवा तुकडा संपला तरी जोसायाचं डोकं शाबूत होतं. पेटी पुन्हा पहिल्या तुकड्यावर गेली.

"नववा कुठाय रे?"

"मावला नाही, आत्या."

"अख्खं बेट मावतं ना त्यात?"

इसिकेलीचा हात नकळत छातीशी गेला. तिथे सदऱ्याच्या आत, दोरीला बांधलेला, एक छोटा पेन ड्राइव्ह लटकत होता.

उलामिलाने तळहात पुढे केला. "केरेकेरे," ती म्हणाली.

करवंट्या थांबल्या. नात्यातल्या माणसाने हा शब्द उच्चारून मागितलं की अंगातला सदरासुद्धा काढून द्यावा लागतो. नाही म्हणायची सोयच नाही. इसिकेलीने गळ्यातली दोरी काढली.

हाही त्याने इतका नीट फॉरमॅट केला होता, की पेटीने पहिल्या झटक्यात वाचला.

जोसाया तिघांना चकवून कोपऱ्याकडे पळाला आणि चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे झेपावला. पाच गुण! उलामिलाने टाळ्या वाजवल्या. जोसाया उठून उभा राहतोय तोच एक जाडजूड माणूस, खांद्यावर झेंडा घेऊन, हात पसरून, कठड्यावरून उडी मारून त्याला मिठी मारायला धावला. मिठीच्या आधी त्याचं टाळकं पोचलं. जोसाया भुवई धरून खाली बसला. जाड्या कॅमेऱ्याकडे बघून हसला.

तो इसिकेली होता.

"अरे गाढवा, पुसून का नाही टाकलंस?" सकिउसा कुजबुजला.

"टीव्हीवर आलोय ना, दादा," इसिकेली म्हणाला. "जन्मात एकदाच."

उलामिलाने हातातल्या पंख्याने त्याच्या डोक्यात एक ठेवून दिली. जोसाया पुन्हा कोपऱ्याकडे पळाला. तिने पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा पंखा उचलला.

त्या पेन ड्राइव्हमध्ये फाइल एकच होती, त्यामुळे पेटी तीच पुन्हा पुन्हा दाखवत राहिली. जनरेटरमध्ये अजून तीन तासांचं डिझेल होतं.