बिनदाराची गाडी

घंटा वाजल्या, मिरवणुकीसाठी मादोन्नाची, येशूच्या आईची, मूर्ती खांद्यांवर चढली, तरी रेस्टितुता चर्चच्या पायरीवरून उठली नाही.

समोर हॉटेलची गुलाबी फियाट उभी होती. आधीच इवलीशी, त्यात तुरीनच्या कारागिरांनी तिचं छप्पर कापलं होतं, दारं काढून टाकली होती, आत वेताच्या खुर्च्या बसवून वर झालरीचं कापड ताणलं होतं. इस्किया बेटावर उतरणाऱ्या पाहुण्यांना समुद्रावर न्यायला.

“बस ना, आई. मालकांना विचारून आणलीय,” अनिएल्लो म्हणाला. पहाटे मासेमारी आणि दिवसा ही गाडी, असं त्याचं चाललं होतं.

“मी काय पोहायला निघालेय?”

त्याची होडी वादळात सापडली तेव्हा ती मादोन्नाला नवस बोलली होती: पोर परत येऊ दे, ते समुद्रावर जात असेल तोवर दर वर्षी तुझ्यामागे धक्क्यापर्यंत अनवाणी चालेन. पोर परत आलं. यंदा हिचंच खुब्याचं हाड मोडलं.

“देव समजून घेतो, रेस्टितुता,” फादर जाता जाता म्हणाले.

“तो घेईल हो. पण शब्द त्याच्या आईला दिलाय.”

“बसून गेलीस तर ती वरात, नवस नव्हे,” तिची जाऊ नुंझियाता म्हणाली. “गॉगलपण लाव म्हणजे झालं!”

दार असायला हवं होतं त्या जागेकडे रेस्टितुता बघत राहिली.

“अनिएल्लो, धर मला.”

खुर्चीत ती कडेला तोंड करून बसली, पाय बिनदाराच्या बाजूनं बाहेर सोडून. चपला पायांनीच सरकवून दिल्या. तळवे खाली दगडांना टेकले.

“आता माझ्या पावलांच्या चालीनं चालव.”

गाडी रांगू लागली. रेस्टितुता एक पाऊल टाकी, मग दुसरं. उन्हानं दगड तापले होते. उताराला अनिएल्लोनं वळून पाहिलं आणि ब्रेक दाबला.

“आई, रक्त येतंय. पाय वर घे.”

“तू पुढं बघ. मी चालतेय.”

नुंझियाता मिरवणुकीतून मागे फिरली. पायरीशी पडलेल्या चपला तिनं उचलल्या, पदराआड घ्याव्यात तशा शालीत धरल्या, आणि भराभर येऊन गाडीच्या बाजूनं, जावेच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली.