मापाचा ओटा

"आपलं घर होईल ना, तेव्हा ओटा माझ्या मापाचा घालायचा. खोक्यावर चढून भाजी परतायचा कंटाळा आलाय मला."

आवाज तीस वर्षांपूर्वीचा. भाड्याच्या खोलीतला, स्टोव्हच्या फुरफुरीत अर्धा बुडालेला. गवंडी आज स्वतःच्या नव्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि सकाळपासून तोच आवाज त्याच्या कानात होता.

तो ताडमाड, बायको ठेंगणी. जिथं जिथं बिऱ्हाड केलं तिथला ओटा तिच्या कोपराच्या वरच. मग लाकडी खोकं पायाखाली घ्यायची आणि त्याला ऐकू जाईल असं गाणं जुळवायची:

धन्याची माझ्या बाई उंच उंच भिंत,
ओट्यापाशी राही माझ्या कोपराची खंत.

घर झालं. पहिला सण सगळ्यांनी मिळून नव्या घरात करायचा, हे तिनंच ठरवून टाकलं होतं. ठरल्याप्रमाणे मुलगा, सून, नात आली होती. दारं होती, खिडक्या होत्या, भिंतींना अजून रंगाचा वास होता. ती तेवढी नव्हती. दारं-खिडक्या बसायच्या आधीच ती गेली.

सून अंगानं उंच. ओट्यावर कणीक मळताना ती कमरेत पार वाकली होती. मुलानं टेप लावून बघितला आणि हसायला लागला.

"बाबा, अख्खी वस्ती तुम्हाला ओळंबा म्हणते. तुमची भिंत वाकडी दिसली तर लोक आपले डोळे तपासून घेतील. आणि घरच्याच ओट्याचे पाच इंच खाल्लेत?"

"हात चुकला," गवंडी म्हणाला.

"काही चुकला नाही!" नात ओट्याला हनुवटी टेकवून म्हणाली. "आजोबांनी माझ्यासाठी केलाय. मला पुरतो."

सगळे हसले. गवंडीही हसला.

"सुट्टी संपायच्या आत उचलून टाकू," मुलगा म्हणाला. "फरशी काढायची, खाली विटांचा एक थर चढवायचा. तुमच्या हाताखाली मी आहे."

"राहू द्या ना," सून मान वर न करता म्हणाली. "मला काही त्रास होत नाही."

"हो का? मग काल कमरेला चोळून द्या म्हणून कोण मागं लागलं होतं? शेजारच्या काकू?"

गवंड्याची हत्यारांची पिशवी व्हरांड्यातच होती. मुलानं छिन्नी-हातोडा आणला, ओट्यावरचे डबे बाजूला केले. फरशीच्या काठाखाली छिन्नी धरली. पहिला घाव बसला. सिमेंटचा कपचा उडून नातीच्या पायाशी पडला.

"थांब." गवंड्यानं फरशीवर तळहात ठेवला. "माझा हात चुकला नव्हता."

मुलानं छिन्नी बाजूला काढली.

"ओटा घालायच्या तीन दिवस आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दोन महिने म्हणाले. फार तर. तिला काही सांगितलं नव्हतं त्यांनी, आणि मी सांगू दिलं नाही." गवंडी फरशीकडे बघून बोलत होता. "मी इथं नेहमीच्या उंचीचा ओटा घातला असता, तर तिला एका नजरेत कळलं असतं. तीस वर्षं माप देत आली होती ती मला. म्हणून तिच्या मापाचा घातला. ती बघायला आली. रिकाम्या ओट्यावर हवेचंच पीठ मळलं. म्हणाली, बसलं बघा बरोब्बर."

मुलाच्या हातातला हातोडा हळूहळू खाली आला.

"म्हणजे आई अचानक गेली नाही."

"नाही."

"आणि मला कळवलं नाहीत? मी आलो असतो, बाबा. दोन महिने राहिलो असतो."

"तू आला असतास, म्हणूनच नाही कळवलं. काही कारण नसताना तुला दारात बघून तिनं ओळखलं नसतं का?"

मुलानं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. नातीनं पायाशी पडलेला कपचा उचलला आणि मुठीत धरून ठेवला.

"तुझा गुन्हेगार आहे मी," गवंडी म्हणाला. "पण तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आयुष्यात एवढं एकच काम माझ्या हातून सुतात झालं."

सुनेनं बोटांची कणीक सोडवली, हात पुसले. सकाळपासून पहिल्यांदाच ती ताठ उभी राहिली.

"बाबा, ओटा घालायच्या आदल्या दिवशी आईंचा मला फोन आला होता. जमिनीपासून तुझं कोपर किती उंच भरतं गं, मोजून सांग, म्हणाल्या. आता तिथं तूच उभी राहणार. मी रडायला लागले, तर रागावल्या. आधी माप सांग म्हणाल्या. मी सांगितलं."

गवंड्याचा हात फरशीवर तसाच राहिला.

"दुसऱ्या दिवशी परत फोन. आवाज इतका आनंदी होता, बाबा. म्हणाल्या, 'तुझं माप माझ्याजवळच राहिलं गं. माझ्याच मापाचा घातलाय त्यांनी. मला काही ठाऊक नाही असं वाटतंय त्यांना. वाटू दे. तूही कुणाला बोलू नकोस. थोडे दिवस वाकशील ना?'"