खाडीचा बोईट

चिमाने टोपलीवरचं पान उचलून मासा पुन्हा पाहिला आणि पुन्हा झाकला. लतिकावहिनींच्या मागच्या दाराशी ती मघापासून उभी होती, पण कडी वाजवायला हात धजत नव्हता. टोपलीत हातभर लांबीचा बोईट होता. सकाळच्या भरतीला तिच्या नवऱ्याच्या, मोतीरामच्या जाळ्यात आलेला. त्यांच्या स्वतःच्या खाडीतला, अगदी खरा. आणि तो खरा होता, हीच तिची पंचाईत होती.

गेली दोन वर्षं ती वहिनींना खाडीचा म्हणून जो बोईट देत होती, तो पेणच्या बाजारातला होता. कुठल्या कुठल्या बंदरातून बर्फात घालून आलेला. खाडीत बोईट मिळेनासाच झाला होता. शिमग्याच्या आधीच पाणी अंघोळीसारखं कोमट व्हायचं. पाऊस एकदा लागला की महिन्याचा दोन दिवसांत कोसळायचा आणि गोड्या पाण्याचा असा लोंढा यायचा की खाऱ्यातली बारकी मासळी पोट वर करून तरंगायची. त्यातून वाचलेली पिल्लं खाडीच्या तोंडाशीच मच्छरदाणीसारख्या जाळ्यांत जायची. एका पावसाळ्यात मोतीरामनेही तसलं जाळं लावलं होतं. बोटाएवढी पिल्लं टोपलीत वळवळताना बघितली आणि गुंडाळून ठेवलं ते कायमचं. पण तोवर उशीर झाला होता.

हे वहिनींना सांगायचं कसं? वहिनींचे यजमान दामोदर गुरुजी वारले तेव्हा त्यांची लेक हेमांगी रोह्याहून आईला न्यायला आली होती. "इथे एकटी काय करणार आहेस?" असं तिने विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "चिमा खाडीचा बोईट आणतेय तोवर मी पेण सोडायची नाही." सगळे हसले. दारात उभी असलेली चिमा मात्र हसली नाही. मासळी घेणारं दुसरं दार तिला मिळालं असतं. पण दोन दिवस आली नाही तर "मेली होतीस का गो?" असं विचारून चहाचं आधण ठेवणारं दार मिळालं नसतं.

म्हणून ती बाजारातला मासा घ्यायची, मिनीडोर रिक्षाने खाडीवर न्यायची, खाडीच्या पाण्यात बुचकळायची आणि खवल्यांना चांगला काळा चिखल चोळायची. मग तोच मासा घेऊन पुन्हा मिनीडोरने पेण.

मोतीराम लोटपोट हसायचा. "अगो, बाजाराच्या पाठीच वयनीचं घर. मंग मेलेल्याला हिकडं काय तीर्थाला आनतेस?"

"तुला काय कलतंय? मसाला लागला का समदे मासे येकच," ती म्हणायची.

आणि आज हा खरा आला होता. वहिनींनी एक घास खाल्ला की आधीच्या सगळ्या माशांचं पितळ उघडं पडणार. मग वहिनी रोह्याला. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा, असं तिच्या मनात दहा वेळा आलं. पण इतक्या दिवसांनी आलेला खाडीचा बोईट दुसऱ्याच्या दारात उतरवायला तिचे पाय तयार होईनात.

"चिमे, दाराशी उभी राहून अंडी उबवतेस का?" आतून हाक आली आणि दार उघडलंच.

वहिनींनी मासा हातात घेतला. कल्ला उचलला. पोट दाबून बघितलं. नाकाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच पायरीवर बसल्या.

"आला गो हा," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी आला."

चिमाचं तोंड एवढंसं झालं. "वयनी, आदीचे..."

"आधीचे बाजारातले. माहीत आहे मला."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून. जन्मभर तू मासा तीन पाण्यांनी धुऊन आणायचीस, आणि एक दिवस एकदम चिखलाने माखून आणलास. अगं, खाडीच्या बोईटाला चिखलाचा वास आतून असतो. बाहेरून चोळून येत नाही तो."

"मंग बोलल्या का नाय?"

"बोलले असते तर हेमांगीला सांगायला मला काय कारण उरलं असतं?"

दोघी हसायला लागल्या त्या डोळ्यांना पदर लागेपर्यंत. शेजारची नमिता कुंपणावरून डोकावून गेली.

त्या दिवशी वहिनींनी चिमाला जाऊ दिलं नाही. बोईट साफ केला, हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून मुरवला, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडला. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दोन ताटं वाढून त्या मागच्या पायरीवर चिमाशेजारीच बसल्या. मधल्या जाड तुकड्याचा मोठा वाटा चिमाच्या ताटात घातला.

चिमाने भाकरीबरोबर घास घेतला. मग नुसताच एक तुकडा तोंडात टाकला. चावायची थांबली, परत चावायला लागली.

"काय गो?" वहिनींनी विचारलं. "पूर्वीच्या खाडीतल्यासारखाच आहे ना?"

चिमाने बोटं चाटली.

"आदीचा कसा लागायचा, मला काय ठाव वयनी?" ती म्हणाली. "मोटा बोईट इकायचा असतो. मी आज पयल्यांदाच खाल्ला."